आगमनकाळ (नाशिक)

नाताळापूर्वीच्या चार रविवारांचा ख्रिस्ती पर्वकाळ. येथूनच उपासनेचे नवे वर्ष सुरू होते. वेदीवर जांभळे वस्त्र येते. सदाहरित पानांच्या चक्रात दर रविवारी एक मेणबत्ती वाढते. अनेक मंडळ्यांत दुसरी शांतीची मानतात. संकटातही येशूच्या सहवासात टिकणारा विसावा, असा या शांतीचा अर्थ. नाशिकमध्ये तो शरणपूरच्या इतिहासातून विशेष उमगतो. चर्च मिशनरी सोसायटीच्या या एकोणिसाव्या शतकातील वसाहतीत गुलामीतून सुटलेल्या आफ्रिकी मुलांना आसरा व शिक्षण मिळाले. त्यांपैकी जेकब वेनराइट १८७४ मध्ये आफ्रिकेत फिरलेले मिशनरी व संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या पार्थिवासोबत इंग्लंडला गेला. नाशिकच्या ख्रिस्ती परंपरेत साहित्याचाही वाटा आहे: जवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळकांनी पती ना. वा. टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे पद्यबद्ध ख्रिस्तचरित्र पुढे पूर्ण केले.