विक्रमांचा तक्ता आणि हॅम्बुर्गची घटना : मोनिका सेलेस प्रकरणाचा ऐतिहासिक विचार

क्रीडा इतिहासाच्या लेखनात विक्रमांचे तक्ते हे सर्वांत विश्वसनीय साधन मानले जाते. तथापि अन्य साधनांप्रमाणे तक्त्याचीही चिकित्सा आवश्यक असते. त्यातील आकडे खरे असतात; ते कोणत्या परिस्थितीत घडले, याबाबत तक्ता मौन पाळतो. महिला टेनिसमधील मोनिका सेलेस प्रकरण या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहे.

सेलेसचा जन्म १९७३ मध्ये तत्कालीन युगोस्लाव्हियातील नोवी साद येथे एका हंगेरियन भाषिक कुटुंबात झाला. व्यंगचित्रकार असलेले वडील कारोय हेच तिचे पहिले मार्गदर्शक. दोन्ही बाजूंचे फटके दोन्ही हातांनी मारणाऱ्या या मुलीने १९९० मध्ये, वयाच्या १६ व्या वर्षी, स्टेफी ग्राफला हरवून फ्रेंच स्पर्धा जिंकली. जानेवारी १९९१ ते जानेवारी १९९३ या काळात ती आठ ग्रँड स्लॅम स्पर्धा खेळली. त्यांपैकी सात तिने जिंकल्या. उरलेल्या एकीत, म्हणजे १९९२ च्या विम्बल्डनमध्ये, ती अंतिम सामन्यात ग्राफकडून हरली.

दि. ३० एप्रिल १९९३ रोजी हॅम्बुर्ग येथे मॅग्डालेना मालीव्हाविरुद्ध ६-४, ४-३ अशी आघाडी असताना ती विश्रांतीसाठी खुर्चीत बसली होती. त्या वेळी प्रेक्षकांतून पुढे आलेल्या ३८ वर्षीय इसमाने तिच्या पाठीत सुरा खुपसला. युगोस्लाव्हियातील युद्धामुळे प्रथम राजकीय हेतूचा संशय घेतला गेला. प्रत्यक्षात हल्लेखोर ग्राफचा वेडा चाहता होता आणि ग्राफ पुन्हा अव्वल व्हावी, एवढाच त्याचा हेतू होता. जखम सुमारे दीड सेंटिमीटर खोल होती व ती काही आठवड्यांत भरली. मनाचा घाव मात्र भरला नाही. सेलेस दोन वर्षांहून अधिक काळ मैदानाबाहेर राहिली.

येथे लक्ष वेधून घेतात त्या संस्था. हॅम्बुर्गची स्पर्धा थांबविली गेली नाही. सेलेसचे मानांकन गोठवावे, या प्रस्तावाला आघाडीच्या खेळाडूंनी पाठिंबा दिला नाही. गॅब्रिएला साबातिनीचे वर्तन त्यास सन्माननीय अपवाद ठरले. न खेळणाऱ्याचे गुण नियमानुसार घटत गेले आणि जून १९९३ मध्ये ग्राफ प्रथम क्रमांकावर आली. हल्लेखोराला जे हवे होते, ते सहा आठवड्यांच्या आत नियमांनीच घडवून आणले. (यात ग्राफचा कोणताही दोष नाही, ती रुग्णालयात सेलेसला भेटूनही आली होती.) न्यायालयाने खुनाच्या प्रयत्नाऐवजी गंभीर शारीरिक इजेचा गुन्हा ग्राह्य धरून दोन वर्षांची स्थगित शिक्षा दिली आणि १९९५ च्या फेरसुनावणीतही ती कायम राहिली. हल्लेखोर तुरुंगात गेला नाही.

ऑगस्ट १९९५ मध्ये पुनरागमन करताना सेलेसला ग्राफसमवेत संयुक्त प्रथम मानांकन देण्यात आले. जे १९९३ मध्ये अशक्य मानले गेले, ते नियमात बसविता येत होते, हे यावरून दिसते. टोरांटोची स्पर्धा तिने जिंकली. १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियन स्पर्धाही. तेच तिचे शेवटचे ग्रँड स्लॅम विजेतेपद. हल्ल्यापूर्वी आठ आणि नंतर एक. ग्राफच्या २२ विजेतेपदांची विभागणी मात्र ११ आणि ११ अशी होते. हल्ला झाला नसता तर काय घडले असते, या प्रश्नाचे उत्तर देणे इतिहासकाराचे काम नाही. परंतु दोन्ही स्तंभांमधील ही तारीख वगळून केलेली तुलना सदोष ठरते.

वडिलांच्या मृत्यूनंतर काही आठवड्यांतच सेलेसने १९९८ च्या फ्रेंच स्पर्धेची अंतिम फेरी गाठली. २००३ मध्ये ती शेवटचा अधिकृत सामना खेळली आणि २००८ मध्ये तिने निवृत्ती जाहीर केली. जर्मनीत ती पुन्हा कधीही खेळली नाही.