मडगार्डावरचं भोक: अमेरिकन मसल कारचा खरा अँटेना

मागच्या भागात आपण व्हॉल्व्हच्या रेडिओबद्दल बोललो. त्यानंतर मिशिगनमध्ये नोकरी करणाऱ्या आपल्या एका प्रेक्षकाने मला पत्र लिहिलं: "काका, मी १९६८ची शेव्हरले कमॅरो एसएस ३९६ घेतलीय. पुढच्या मडगार्डावर अँटेना आहे, पण मागच्या बाजूला डिकीच्या आतून पाहिलं तर पत्र्यावर एक गोल ठिगळ दिसतं. खरा अँटेना कुठला?"

प्रश्न साधा वाटला, आणि मी त्यात तीन महिने अडकलो. मी बडोद्यात बसून रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. मसल कार मी जवळून पाहिलेली नाही, पण अँटेना मला कळतो. म्हणून आज या दांडीचा इतिहास.

आधी गाडी. १९६४मध्ये पाँटिअ‍ॅकने आपल्या मध्यम आकाराच्या टेंपेस्ट गाडीत ३८९ घन इंचांचं, म्हणजे साधारण ६.४ लिटरचं इंजिन बसवलं आणि तिला जीटीओ नाव दिलं. मसल कारचं युग तिथून सुरू झालं असं बहुतेक जण मानतात. (कमॅरोला जाणकार 'पोनी कार' म्हणतात, मसल नाही. हा वाद त्यांचा त्यांनी घालावा. ६.५ लिटरचं इंजिन असल्यावर मी तरी तिला मसलच म्हणणार.) या गाड्यांमध्ये रेडिओ फुकट मिळत नसे. १९६७च्या कमॅरोत साध्या एएम रेडिओसाठी ५७ डॉलर ४० सेंट वेगळे मोजावे लागत, एएम-एफएम हवा असेल तर १३३ डॉलर ८० सेंट. शर्यतीच्या नादातले काही जण वजन वाचवायला रेडिओ घेतच नसत. त्यामुळे 'या गाडीला अँटेना कुठला' या प्रश्नाच्या आधी 'या गाडीला अँटेना होता का' हा प्रश्न येतो.

आता दांडी. १९३०मध्ये शिकागोच्या गॅल्विन बंधूंनी मोटोरोला नावाने गाडीचा रेडिओ बाजारात आणला, तेव्हा गाडीवर दांडी नव्हतीच. त्या काळी मोटारीच्या छताचा मधला भाग कापडी असे आणि त्याखाली कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशी जाळी असे. तीच अँटेना. मग १९३५च्या मॉडेलांपासून जनरल मोटर्सने अख्खं पोलादी छत आणलं. पत्र्याच्या पेटीत रेडिओलहर शिरणार कशी? काहींनी पायरीखाली अँटेना लटकवला. तिथे चिखल आणि दगड. शेवटी दांडी बाहेर आली आणि मडगार्डावर उभी राहिली. छत मजबूत झालं म्हणून अँटेनाला घर सोडावं लागलं, असं म्हणा.

या दांडीची लांबी कशी ठरते, हे थोडं सांगतो. एफएमची लहर साधारण ३ मीटरची, तिचा चौथा हिस्सा ७५ सेंटिमीटर. दांडी जवळपास तेवढीच असते, म्हणून एफएमला ती मापात बसते. एएमचं तसं नाही. डेट्रॉइटच्या समोर, नदीपलीकडे कॅनडातल्या विंडसरला सीकेएलडब्ल्यू हे ८०० किलोहर्ट्झचं, ५० हजार वॅटचं केंद्र होतं. १९६७पासून तिथे तरुणांची गाणी धडाक्यात वाजू लागली, आणि डेट्रॉइटच्या वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर रात्री गाड्या पळवणारी पोरं तेच लावत. त्याची लहर ३७५ मीटरची! चौथा हिस्सा धरला तरी ९४ मीटर. तिच्यापुढे आपली दांडी म्हणजे काडी. ती मिळवते तो सिग्नल अगदी नाजूक असतो आणि अँटेनापासून रेडिओपर्यंतची केबल त्यातला बराच गिळून टाकते. म्हणून गाडीच्या अँटेनाची केबल मुद्दाम वेगळी बनवतात: आत केसासारखी बारीक तार आणि भोवती बरीचशी हवा. टीव्हीची केबल कापून जोडली तर एफएम चालेल, एएम मरेल.

मग कोणी मागे अँटेना का लावावा? तिथून केबल आणखी लांब पडते. एक कारण दिसण्याचं: मागे झुकलेली दांडी ऐटबाज वाटे. दुसरं कारण माझ्या धंद्यातलं: इंजिनातली प्रत्येक ठिणगी हे एक छोटं रेडिओ केंद्रच असतं, आणि मागे गेलात की त्या कडकडाटापासून लांब जाता. शेव्हरलेने हा मागचा अँटेना यू७३ या क्रमांकाने विकायला ठेवला होता. साध्या एएम रेडिओचा क्रमांक यू६३.

आता आपल्या प्रेक्षकाच्या गाडीकडे. फोर्डची १९६७नंतरची गाडी असती तर कारखान्याच्या नोंदींवरून अहवाल मिळतो. पाँटिअ‍ॅकच्याही नोंदी शिल्लक आहेत. क्रायस्लरच्या गाड्यांना तर इंजिनाच्या खणात पत्र्याची एक पट्टीच असते. तिच्यावर आर११ दिसलं की एएम रेडिओ होता. पण अमेरिकेत विकलेल्या शेव्हरलेच्या एकेका गाडीच्या अशा नोंदी उपलब्ध नाहीत. लाखो गाड्या बनवणाऱ्या ब्रँडची ही गत, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. मालकाला मिळणाऱ्या धातूच्या वॉरंटी पट्टीवर रेडिओचा उल्लेख असे, पण याची पट्टी कधीच हरवलेली.

म्हणून मी त्याला म्हटलं, दांडी विसर, इंजिन बघ. रेडिओवाल्या गाडीत कारखाना इग्निशन कॉइलपाशी एक छोटा कपॅसिटर लावायचा आणि इंजिनापासून मागच्या पत्र्यापर्यंत तारांची विणलेली पट्टी जोडायचा. हे दोन्ही ठिणगीचा आवाज दाबायला. दोन्ही सापडले. म्हणजे रेडिओ मुळातला. मग मी मडगार्डाच्या भोकाची कड आतून बघायला सांगितली. ओबडधोबड, हाताने ड्रिल मारलेली, आणि रंगाच्या थरांमधून कापलेली. रंगानंतर पाडलेलं भोक.

शेवटी मागच्या सीटच्या स्प्रिंगांमध्ये कारखान्याचा उत्पादन-कागद निघाला. अर्धा उंदरांनी खाल्लेला. उरलेल्या अर्ध्यात यू६३ होतं आणि यू७३सुद्धा.

बहुधा मागची दांडी केव्हातरी मोडली असणार. गाडी धुण्याच्या यंत्रांनी अशा किती दांड्या मोडल्या याला गणती नाही. आपल्याकडे फियाटच्या एरियलवर गल्लीतली पोरं हात साफ करायची, तिथे ते काम यंत्राने केलं. मग कोणीतरी ठिगळ मारून पुढे स्वस्तातली बसवली.

अँटेनाच्या जागेवरून गाडीचं वय कळतं, हेही सांगून ठेवतो. १९६९च्या पाँटिअ‍ॅक ग्राँ प्रीमध्ये जनरल मोटर्सने पुढच्या काचेतच बारीक तारा घातल्या आणि १९७०च्या नव्या कमॅरोतही तेच आलं. दांडी गायब! दिसायला सुरेख, ऐकायला बेताचं. आणि काच फुटून साधी काच बसवली की अँटेनाही गेला. अशा कितीतरी गाड्यांच्या मडगार्डांवर नंतर भोकं पडली. १९७०च्या त्या कमॅरोवर दांडी दिसली तर आधी काचेची चौकशी करा.

त्याचा पुढचा प्रश्न अवघड होता. मागचं ठिगळ उघडायचं आणि पुढचं भोक बुजवायचं? पन्नासहून अधिक वर्षांपैकी बराच काळ ही गाडी पुढच्या दांडीनेच फिरली असेल. तोही तिचा इतिहासच. प्रदर्शनातले परीक्षक कारखान्यातून निघालेल्या दिवसाची गाडी मागतात, मधली वर्षं कोणी मोजत नाही. माझं मत मी त्याला सांगितलं: मागचं उघड, कारण तो पत्रा मूळचा आहे. पुढचं बुजव, पण आधी फोटो काढ आणि ते कागदासोबत ठेव. त्याने ऐकलं.

जुन्या मागच्या अँटेनाचा तळ आणि नट त्याला भंगारवाल्याकडे मिळाले, दांडी मात्र नवीन बनावटीची. बसवला, तर नुसती खरखर. नवा रंग इतका जाड की तळाचे दाते पत्र्यापर्यंत पोचतच नव्हते, अर्थिंग नाही. मडगार्डाच्या आतल्या बाजूने रुपयाएवढा रंग खरवडायला लावला. मग रेडिओवरचा ट्रिमरचा बारीक स्क्रू, १४००च्या आसपासचं एखादं क्षीण केंद्र लावून, आवाज सर्वांत मोठा होईपर्यंत फिरवायचा. लांब केबलसाठी हे करावंच लागतं.

मग त्याने काटा ८००वर आणला. सीकेएलडब्ल्यू अजून आहे. हल्ली गाणी नसतात; बातम्या चालू होत्या, पण अगदी स्वच्छ.