हाळ आणि गोठ्यातलं पाणी

पुण्याहून पौडच्या वाटेवर कासार आंबोली लागतं. तिथल्या कुणा वडीलधाऱ्याला विचारा, हाळ म्हणजे काय? मोटेच्या दिवसांत विहिरीजवळ दगडी हाळ असे. मोट थारोळ्यात रिती झाली, की थोडं पाणी तिकडे वळवायचं. रानातून परतलेली गुरं तिथं तोंड लावीत. मुक्या जिवाला कुणी अडवीत नसे. माणसाला मात्र अडवीत! महाडच्या चवदार तळ्यावर गुरं पाणी पीत, अस्पृश्यांना बंदी; म्हणून 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकरांना तिथं ओंजळ भरावी लागली. पुण्यात जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद 1868 मध्येच मोकळा केला होता.

पुढं गाय बदलली. उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी 1967 मध्ये 'बाएफ' काढली, आणि संकरित गाई गोठ्यात आल्या. भरपूर दूध देणाऱ्या अशा गाईला उन्हाळ्यात दिवसाला 80 ते 100 लिटर पाणी जागेवर लागतं. हंडे वाहून कंबर कुणाची मोडते, ते घरच्या बायकांना विचारा.

त्यावर उपाय, आपोआप भरणारं भांडं. पाणी उतरलं की आतला तरंगता गोळा खाली येतो, कॉक उघडतो. भरलं की बंद. थंड मुलखात त्याची नळी जमिनीत खोल, गोठणाऱ्या थराखालून नेतात, नाहीतर बर्फ होऊन ती फुटते. आपल्याकडे ते भय नाही. तरी नळी पुराच, असं मी म्हणेन. चैत्रात उघड्यावरच्या काळ्या नळीतलं पाणी इतकं तापतं, की गाय तोंड लावून मागं सरते. आणि गोळ्यावरचं शेवाळ आठवड्याला पुसा. तो वर अडकला, तर भांडं कोरडं आणि जनावर रात्रभर तहानलेलं.