कृष्णवर्णीय मुलीचे बालपण : अमेरिकन कवितेतील एक विषय

अमेरिकेतील कृष्णवर्णीय मुलींच्या वाढत्या वयावरची कविता बहुधा वर्णद्वेषाविरुद्धच्या निषेधकाव्यात जमा केली जाते. हे वर्गीकरण अपुरे आहे. जिला सगळे न्याहाळतात आणि जोखतात त्या मुलीला या कवितेने स्वतः पाहणारी केले, आणि तिच्या इवल्या अनुभवासाठी काव्याचे मातब्बर घाट वापरले. याचा सर्वांत भक्कम पुरावा ग्वेंडोलिन ब्रूक्स (१९१७–२०००) यांच्या लेखनात आहे. त्यांचे बालपण शिकागोच्या दक्षिण भागात गेले. ‘अ स्ट्रीट इन ब्रॉन्झव्हिल’ (१९४५) या त्यांच्या पहिल्या संग्रहात सात वर्षांची सावळी मॅबी शाळेच्या फाटकाशी एका मुलाची वाट पाहते, आणि तो उजळ कांतीच्या मुलीबरोबर बाहेर येतो. या प्रसंगात गोरे माणूस कुठेच नाही. वर्णाची उतरंड वस्तीतल्या मुलांच्याच नजरेत उतरली आहे. शूरांच्या आणि प्रेमिकांच्या शोकांतिका सांगणारा कथागीताचा जुना घाट ब्रूक्स या दुःखासाठी योजतात, आणि त्यामुळे ते कुणाला पोरकट म्हणून झटकता येत नाही. ‘ॲनी ॲलन’ (१९४९) मध्ये त्या आणखी पुढे गेल्या. सामान्य घरातल्या मुलीची घडण सांगणाऱ्या दीर्घकवितेला त्यांनी ‘इलियड’, ‘इनीड’ या महाकाव्यांच्या धर्तीवर ‘द ॲनियाड’ असे नाव दिले आणि ती सात-सात चरणांच्या रेखीव कडव्यांत बांधली. या संग्रहाला १९५० मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळाले. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय लेखिका, किंबहुना पहिल्याच कृष्णवर्णीय व्यक्ती.

यावर खुद्द कृष्णवर्णीय कवींतूनच आक्षेप आला. ही बांधणी गोऱ्या वाचकांसाठी आहे, ज्यांची ही कथा त्यांच्यापर्यंत ती पोचत नाही, असे डॉन एल. ली (नंतरचे हाकी मधुबुती) यांचे म्हणणे होते. ‘द ॲनियाड’ दुर्बोध आहे हे मान्यच करावे लागते. ब्रूक्स यांनीही १९६७ नंतर भाषा सोपी केली आणि पुस्तके डेट्रॉइटच्या कृष्णवर्णीय प्रकाशनसंस्थेकडे दिली. पण महाकाव्याचा मान एका गरीब मुलीसाठी मागणे ही गोऱ्यांची खुशामत ठरत नाही. तो मान कोणाचा, हाच प्रश्न त्यातून उभा राहतो.

दुसरा आक्षेप असा की या कवितेत नुसते सोसणे आहे. त्याचे उत्तर निकी जियोव्हानी यांच्या ‘निकी-रोझा’त (१९६८) मिळते : चरित्रकारांना गरिबी तेवढी दिसेल, घरातले सुख दिसणार नाही, ही तिथली तक्रार आहे. ऑड्री लॉर्ड यांच्या ‘हँगिंग फायर’मधील चौदा वर्षांच्या मुलीला तर त्वचेने दिलेला दगा, मरणाचे भय आणि आईचे दुरावणे छळते, निषेधाच्या चौकटीत ती मावतच नाही. जॅकलिन वुडसन यांचे मुक्तछंदातील आत्मकथन ‘ब्राउन गर्ल ड्रीमिंग’ (२०१४) दक्षिण कॅरोलायनातील वंशभेदाच्या खुणा टिपते, आणि आजोबांच्या बागेला व लिहिण्याच्या ओढीलाही तितकीच जागा देते.