राजीनाम्याची कथा आणि प्रश्नांची परंपरा

भारतीय रेल्वेच्या अपघातांचा विषय निघाला की एक कथा हटकून सांगितली जाते. १९५६ च्या सप्टेंबरात महबूबनगरजवळ पूल कोसळून शंभरावर माणसे दगावली. रेल्वेमंत्री लालबहादूर शास्त्री यांनी राजीनामा देऊ केला. पंतप्रधान नेहरूंनी तो स्वीकारला नाही. नोव्हेंबरात मद्रास राज्यातील अरियालूरजवळ पुराच्या पाण्यात पुन्हा तसाच, त्याहून भीषण अपघात झाला आणि या वेळी राजीनामा स्वीकारला गेला. शास्त्रीजी व्यक्तिशः दोषी नाहीत, संसदीय औचित्य म्हणून आपण हे करीत आहोत, असा खुलासाही नेहरूंनी केला.

कथा म्हणून ती परिपूर्ण आहे. तिला नायक आहे, नैतिक पेच आहे, त्याग आहे. पण साहित्याच्या अभ्यासकांना अशा परिपूर्ण कथेविषयी थोडी शंका यायला हवी. शेवटाला वाचकाचे भावविरेचन झाले की त्याच्या मनातला प्रश्नही विरून जातो. पुलांची तपासणी कोण करीत होते, तपासणारा कोणाला उत्तरदायी होता, त्याने लिहिलेल्या अहवालाचे पुढे काय होत होते, हे या कथेत कुठेच येत नाही. ते ज्यांनी विचारले त्यांची परंपरा निराळी आहे. तिचा एक महत्त्वाचा धागा पुण्यातून निघतो, आणि मराठी वाचकाने तो जवळजवळ विसरून टाकला आहे, असे आम्हांला वाटते.

हा धागा गोपाळ कृष्ण गोखले यांच्यापाशी सुरू होतो. १८९७ मध्ये वेल्बी आयोगापुढे साक्ष देताना आणि १९०२ पासून केंद्रीय कायदेमंडळातील अर्थसंकल्पीय भाषणांत त्यांनी सरकारच्या रेल्वेधोरणाची चिकित्सा सातत्याने केली. हे कायदेमंडळ किती दुबळे होते हे ध्यानात घेतले पाहिजे. १८९२ च्या कायद्याने सभासदांना अर्थसंकल्पावर बोलण्याची मुभा होती, मत देण्याची नव्हती. प्रश्न विचारता येत, पूरक प्रश्न नाही. तो अधिकार १९०९ च्या सुधारणांनंतर मिळाला. म्हणजे बोलून काही बदलेल अशी शाश्वती शून्य असताना हा मनुष्य वर्षानुवर्षे आकडे मांडीत होता.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते. जुन्या रेल्वे कंपन्यांना सरकारने पाच टक्के व्याजाची हमी दिली होती आणि तिचा भार अनेक दशके भारतीय करदात्याने सोसला. रेल्वेविस्ताराची घाई इंग्रज व्यापाऱ्यांच्या दडपणामुळे होते. शेतकऱ्याकडून गरजेपेक्षा अधिक कर घ्यायचा, त्यातून शिल्लक काढायची आणि ती रुळांवर ओतायची, हा क्रम उलटा आहे. ती शिल्लक शिक्षण, आरोग्य आणि पाटबंधारे यांवर खर्च व्हावी. गोखल्यांचा विरोध आगगाडीला नव्हता. ती कोणासाठी, कोणाच्या पैशाने आणि कोणाला विचारून धावते, एवढेच ते विचारत होते. या मांडणीमागे गणेश व्यंकटेश जोशी यांच्यासारख्या अभ्यासकाचे आकड्यांचे कष्ट उभे होते, हेही नमूद केले पाहिजे.

१९०५ मध्ये गोखल्यांनी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला. त्याच वर्षी रेल्वे बोर्डही अस्तित्वात आले, हा निव्वळ योगायोग. पण पुढे या दोन संस्थांची गाठ वारंवार पडली. गोखल्यांनंतर समाजाचे अध्यक्ष झालेले व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री हे १९२०-२१ च्या ॲकवर्थ समितीचे सभासद होते. रेल्वे कंपन्यांच्या हाती ठेवावी की सरकारने चालवावी, या प्रश्नावर समितीत दोन तट पडले. अध्यक्ष ॲकवर्थ सरकारी व्यवस्थापनाच्या बाजूचे होते. रेल्वेचा जमाखर्च सर्वसाधारण अर्थसंकल्पातून वेगळा काढावा, ही शिफारस याच समितीची. १९२४ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळाने तसा ठराव केला आणि रेल्वेवर दरवर्षी स्वतंत्र चर्चा होण्याचा पायंडा पडला.

सुरक्षेचा प्रश्न ऐरणीवर आला तो १९३७ मध्ये. जुलै महिन्यात पाटण्याजवळ बिहटा येथे हावड्याकडे निघालेली पंजाब एक्स्प्रेस रुळांवरून घसरली आणि शंभराहून अधिक प्रवासी मेले. नव्या धाटणीची पॅसिफिक इंजिने भारतीय रुळांवर डोलतात, हा संशय आधीपासून होताच. त्याची छाननी करण्यासाठी ब्रिटनच्या वाहतूक खात्यातील मुख्य तपासणी अधिकारी कर्नल माउंट यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. इंजिनांची चिकित्सा करता करता ही समिती एका मूलभूत विसंगतीपाशी पोहोचली: अपघातांची चौकशी करणारे सरकारी निरीक्षक त्याच रेल्वे बोर्डाच्या हाताखाली होते, ज्याच्या कारभाराची त्यांनी चौकशी करायची! विधिमंडळानेही निरीक्षकांना बोर्डापासून अलग करावे अशी शिफारस केली. मे १९४१ मध्ये ते टपाल व हवाई खात्याकडे गेले. १९६१ पासून त्यांना रेल्वे सुरक्षा आयुक्त म्हटले जाऊ लागले. आजही हे आयुक्तालय रेल्वे मंत्रालयाकडे नाही, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाकडे आहे. वरवर चमत्कारिक भासणाऱ्या या व्यवस्थेमागे हा इतिहास आहे.

या परंपरेतले तिसरे नाव हृदयनाथ कुंझरू यांचे. १९३६ पासून थेट १९७८ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, ते भारत सेवक समाजाचे अध्यक्ष होते. विधिमंडळ, संविधान सभा आणि १९६२ पर्यंत राज्यसभा अशी त्यांची प्रदीर्घ संसदीय कारकीर्द. त्याच १९६२ मध्ये रेल्वे अपघातांच्या चौकशीसाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. कुंझरू समितीने एकेका अपघातात अपराधी कोण हे शोधण्यापेक्षा अपघात ज्यातून घडतात ती व्यवस्था तपासली. बहुसंख्य अपघातांचे कारण ‘मानवी चूक’ असे नोंदले जाते. पण चूक करणाऱ्या माणसाचे प्रशिक्षण कसे झाले, आणि त्याची चूक सावरून घेणारे यंत्र सिग्नलपाशी आहे काय, हे विचारल्याशिवाय त्या दोन शब्दांना अर्थ येत नाही. नंतरच्या वांछू (१९६८), सिक्री (१९७८) आणि खन्ना (१९९८) या समित्याही याच वाटेने गेल्या. सिक्री समितीच्या वेळी रेल्वेमंत्री होते राजापूरचे खासदार प्रा. मधू दंडवते.

मग प्रश्न विचारून साधले काय? याचे उत्तर संमिश्र आहे. २०१२ मध्ये डॉ. अनिल काकोडकर यांच्या समितीने दाखवून दिले की रूळ ओलांडताना व तत्सम कारणांनी देशात वर्षाला सुमारे १५,००० माणसे मरतात आणि त्यांतली सुमारे ६,००० एकट्या मुंबईच्या उपनगरी मार्गांवर. अपघात म्हणून या मृत्यूंची गणनाही होत नव्हती. समितीने स्वतंत्र वैधानिक सुरक्षा प्राधिकरण सुचवले. ते अद्याप उभे राहिलेले नाही. १९४१ मध्ये अर्धवट सुटलेला प्रश्न अर्धवटच राहिला आहे.

२०१७ पासून स्वतंत्र रेल्वे अर्थसंकल्पही उरला नाही. त्याविषयी हळहळण्यापूर्वी हे मान्य केले पाहिजे की अखेरच्या काळात ते भाषण नव्या गाड्यांच्या घोषणांची यादी बनले होते. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरीत २३ जण मरण पावले. त्या पुलाविषयी मुंबईच्या खासदारांनी आधीच पत्रे लिहिली होती. म्हणजे प्रश्न विचारला गेला होता. उत्तर वेळेत आले नाही.

आपल्या अभ्यासक्रमांत चिपळूणकर, आगरकर, टिळक हे निबंधकार म्हणून शिकवले जातात. गोखले त्यांत येत नाहीत, कारण त्यांची विधिमंडळातील भाषणे इंग्रजीत आहेत. आणि ‘मवाळ’ या एका विशेषणाने आपण त्यांचा निकाल लावून टाकला आहे. परंतु आकड्याला युक्तिवादाचे सामर्थ्य देणारे, सत्ताधाऱ्याला त्याच्याच हिशेबाने पेचात पकडणारे ते गद्य कोणत्याही जहाल अग्रलेखाहून कमी धारदार नाही. विधिमंडळाची कार्यवृत्ते, समित्यांचे अहवाल, तारांकित प्रश्नांची उत्तरे हेही वाङ्मयच आहे, आणि ते वाचण्याची शिस्त भाषेच्या वर्गात लागू शकते. राजीनाम्याची कथा विद्यार्थ्यांना जरूर सांगावी. मात्र त्यानंतर पुलाचे काय झाले, हा प्रश्नही त्यांच्या हाती द्यावा, अशी आमची धारणा आहे.