सुकी मासळी : आहार व आरोग्य

मीरा-भाईंदरच्या पश्चिम टोकाला उत्तन, पाली व चौक येथील कोळी समाजाने टिकवलेला अन्नप्रक्रियेचा जुना प्रकार. ताजे बोंबील जबड्यात जबडा अडकवून बांबूंच्या वलांडीवर उन्हात वाळवतात; मीठ लावत नाहीत. ताज्या बोंबलात जवळजवळ नऊ दशांश पाणीच असल्याने सुकल्यावर वजनाच्या मानाने प्रथिनांचे व कॅल्शियमचे प्रमाण पुष्कळ वाढते. पावसाळ्यात, मासेमारी बंद असताना, ही बेगमी घरोघरी उपयोगी पडते.

खारवलेल्या मासळीचे तसे नाही; तिच्यात मीठ पुष्कळ असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. खारा मासा, पापड व लोणचे एकाच ताटात आले की ही मर्यादा सहज ओलांडली जाते आणि रक्तदाब वाढण्याचा धोका असतो. तरीही सुक्या बोंबलाला पाकीटबंद वेफर्स-नूडल्सच्या पंक्तीत बसवणे अन्यायाचे ठरेल; बोंबील नुसता वाळवलेला असतो, तर वेफर्स-नूडल्स हे अतिप्रक्रियित, म्हणजे कारखान्यात अनेक प्रक्रिया करून बनवलेले, अन्न आहे. अमेरिकेत संशोधक केव्हिन हॉल यांच्या 2019 च्या प्रयोगात अतिप्रक्रियित आहारावरील व्यक्तींनी दिवसाला सुमारे 500 किलोकॅलरी अधिक खाल्ल्या व त्यांचे वजन वाढले.

रक्तदाबाच्या रुग्णांनी खारी मासळी टाळावी आणि बिनमिठाचा, कोरडा, बुरशी न लागलेला बोंबील निवडावा.