फणेरपेटीची किल्ली

मैत्रिणींनो, दागिने मांडायचा लाकडी स्टँड आता आम्ही बचत गटाच्या बाया सुताराकडून करून घेतो. खाली जड पाट, मधोमध दांडी, वर आडवी पट्टी, तिला जरा वर कललेल्या खुंट्या, म्हणजे माळ घसरत नाही. पण आमच्या आज्यांकडं असायची ती फणेरपेटी. सागवानी नाहीतर शिसवी, कोपऱ्यांना पितळी पत्रा. झाकणाच्या आत आरसा. झाकण तिरकं टेकवलं की समोर तोंड दिसायचं. कप्प्यांत फणी, कुंकवाचा करंडा आणि मेणाची डबी, कारण कपाळाला आधी मेण, मग त्यावर कुंकू. काही पेट्यांच्या तळाला चोरकप्पा, त्यात नथ, बुगड्या.

स्टँड दाखवतो, पेटी लपवते. दिवसही लपवायचेच होते म्हणा! १९६३ च्या जानेवारीत सुवर्ण नियंत्रण आलं, १४ कॅरटवरचे नवे दागिने घडवायला बंदी झाली आणि सोनारांचे हात रिकामे झाले. ती अट पुढं सुटली, पण नियंत्रणाचा कायदा १९९० पर्यंत होता. त्यात ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप. आपल्या पाटण तालुक्यात घरं बसली, माणसं गेली.

आणि पेटीची किल्ली? ती बहुतेक सासूच्या कमरेला. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम १४ नं बाईच्या ताब्यातली मालमत्ता, दागिन्यांसकट, तिच्या पूर्ण मालकीची केली. पुष्कळ घरांत किल्ली मात्र होती तिथंच राहिली.